रोपाशेजारी माहितगार माणूस हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतले बागकामावरचे लेख मी ह्यूस्टनहून नेमाने वाचते आणि त्यानंतर येणारे वाचकांचे प्रश्नही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय, लिंबाला फुलं येतात पण फळ धरत नाही, कढीपत्ता वर्षभर होता तेवढाच आहे. विचारणारे बहुतेक शहरातले, गच्चीत किंवा गॅलरीत कुंड्या लावणारे. शेतकऱ्याला विचारायला निदान कृषी खात्याचा माणूस असतो. या मंडळींना रोप विकणारा भेटतो, सल्ला देणारा भेटत नाही. टेक्सासमध्ये यासाठी एक साधी व्यवस्था आहे आणि मी तिच्यात स्वयंसेवक म्हणून काम करते. ऑक्टोबरातल्या आमच्या रोपविक्रीची तयारी सुरू आहे, म्हणून आत्ताच लिहावंसं वाटलं.

या स्वयंसेवकांना इथे ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. सुरुवात १९७२-७३ साली वॉशिंग्टन राज्यात, सिएटल आणि टकोमा भागात झाली. तिथल्या विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाकडे, म्हणजे शेतीचं संशोधन लोकांपर्यंत पोचवणाऱ्या विभागाकडे, शहरवासीयांच्या प्रश्नांचा इतका लोंढा यायला लागला की शेतकऱ्यांसाठी वेळ उरेना. तेव्हा त्यांनी हौशी बागकामवाल्यांनाच शिकवायचं आणि त्या शिक्षणाच्या बदल्यात त्यांच्याकडून सेवा घ्यायची असं ठरवलं. आज अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या राज्यांत हे चालतं. टेक्सासमध्ये ‘टेक्सास ए अँड एम’ विद्यापीठाचा विस्तार विभाग किमान ५० तास शिकवतो: माती, पाणी, कीड, रोग, छाटणी, भाजीपाला, स्थानिक झाडं. त्यानंतर तितकेच तास समाजासाठी काम करून दाखवावं लागतं. पुढेही दरवर्षी थोडे तास सेवा आणि थोडं नवं शिक्षण चालू ठेवलं तरच नाव यादीत राहतं. सल्ला द्यायचा तो विद्यापीठाच्या संशोधनाला धरून. कुठल्याही कंपनीच्या खताची भलामण करायची नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

वर्षभराची कामं बरीच आहेत. फोनवर आणि ईमेलवर प्रश्नांना उत्तरं देणं, शाळांमध्ये मुलांबरोबर वाफे करणं, वाचनालयात व्याख्यानं, प्रात्यक्षिक बाग राखणं. माती तपासून घ्या, हे तर आम्ही दर माणसाला सांगतो. ह्यूस्टनच्या आसपास चिकणमाती पुष्कळ आहे आणि टेक्सासच्या मध्यभागी पोचलं की ती काळीभोर होते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. मराठवाड्यातल्या माणसाला ती बघताक्षणी ओळखू येईल. मृदाशास्त्रातही दोन्ही काळ्या जमिनी ‘व्हर्टिसोल’ या एकाच गटात धरतात. त्यामुळे निचरा कसा करायचा, ओल्या मातीत फावडं का घालायचं नाही, हे आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांचं शहाणपण इथे जसंच्या तसं लागू पडतं.

आता रोपविक्रीविषयी. उत्तरेकडच्या राज्यांत लागवडीचा हंगाम म्हणजे वसंत. दक्षिण टेक्सासमध्ये खरा हंगाम शरदाचा. इथला उन्हाळा नव्या रोपाचा जीव घेतो. ऑक्टोबरात हवा निवते पण माती उबदार असते, त्यामुळे वर वाढ दिसली नाही तरी खाली मुळं पसरत राहतात आणि पुढच्या जूनपर्यंत झाड स्वतःच्या बळावर उभं राहतं. नव्याने आलेल्या मराठी घरांत नेहमी एक चूक दिसते. दुकानातलं पाकीट बघून कोथिंबीर एप्रिलमध्ये पेरतात, मेअखेरीस ती फुलावर येते आणि ‘इथे कोथिंबीर होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा ही इथे ऑक्टोबरात पेरायची. त्या पेरणीची भाजी हिवाळाभर पुरते.

विक्रीची बहुतेक रोपं आम्हीच वाढवलेली असतात. उन्हाळ्यात घरच्या बागांतून छाटकलमं घ्यायची, बी धरायचं, हरितगृहात पाळीपाळीने पाणी घालायचं. विक्रीच्या आधी एक व्याख्यान होतं आणि त्यात कोणतं रोप ऊन मागतं, कोणतं सावली, किती उंच होतं, थंडीत काय होतं, हे एकेक करून सांगितलं जातं. विक्रीच्या सकाळी दारं उघडण्याआधीच लोक छोट्या हातगाड्या घेऊन रांगेत उभे असतात. प्रत्येक टेबलापाशी त्या झाडांची माहिती असलेला माणूस असतो आणि त्याचं पहिलं काम म्हणजे गिऱ्हाइकाला विचारणं: जागा किती आहे, ऊन किती तास येतं, पाणी घालणारं घरी कोण आहे? उत्तरं जुळली नाहीत तर तो रोप खाली ठेवायला लावतो आणि दुसरं दाखवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनला पारा उणे १० अंश सेल्सियसच्याही खाली गेला, तेव्हा हजारो घरांतली लिंबूवर्गीय झाडं आणि बोगनवेली गेल्या. त्यानंतर ‘थंडी सोसेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारू लागला, आणि त्याचं खरं उत्तर देणारं कुणी तिथे असणं किती महत्त्वाचं आहे ते मी पाहिलं.

दोन उदाहरणं देते, कारण दोन्हींत आपली ओळखीची झाडं आहेत.

पहिलं हळदीकुंकवाच्या झुडपाचं. लाल-पिवळ्या फुलांचं, देठ मोडला की चीक येणारं हे झुडूप महाराष्ट्रात कुठेही दिसतं. ते मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात आणि ही फुलपाखरं शरदात टेक्सासवरून मेक्सिकोतल्या डोंगरांकडे जातात. म्हणून लोक हौसेने हे झुडूप मागतात. पण ह्यूस्टनच्या सौम्य हिवाळ्यात ते मरत नाही, हिरवंच राहतं. त्याच्या पानांवर मोनार्कला ग्रासणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात, शिवाय काही फुलपाखरं पुढचा प्रवास सोडून तिथेच अंडी घालत राहतात. आम्ही त्याऐवजी याच कुळातल्या स्थानिक जाती सुचवतो. ज्याच्याकडे हळदीकुंकू आधीच लावलेलं आहे, त्याला शरदात ते जमिनीलगत छाटायला सांगतो.

दुसरं कढीपत्त्याचं. लिंबूवर्गीय झाडांना पोखरणारा ‘सिट्रस ग्रीनिंग’ रोग टेक्सासमध्ये २०१२ साली सापडला. तो पसरवणारा बारीक किडा, सिला, कढीपत्त्यावर आनंदाने वाढतो. त्यामुळे ह्यूस्टन परिसरातून लिंबूवर्गीय रोपं किंवा कढीपत्त्याचं रोप बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. आपल्या लोकांत मात्र मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे, या गावाहून त्या गावाला कढीपत्त्याची पिलं प्रेमाने दिली जातात. भारतातून येताना बॅगेत घालून आणणारेही आहेत. माझी त्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की हे थांबवा. एका रोपापायी कुणाची तरी पंधरा वर्षांची संत्र्याची झाडं जाऊ शकतात. संत्र्याच्या बागा वाळताना काय वाटतं हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको.

विक्रीतून येणारे पैसे प्रात्यक्षिक बाग, शाळेतले वाफे आणि पुढच्या वर्षीची माती-कुंड्या यांना लागतात. हिशेब सभासदांपुढे मांडला जातो.

हे महाराष्ट्रात होण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली; जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांचा पहिला वेळ शेतकऱ्याचा, यात शंका नाही. म्हणूनच शहरी प्रश्नांचा भार उचलायला प्रशिक्षित स्वयंसेवक हवेत. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला होणारी गर्दी बघा, हौसेची वाण कुठेच नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले लोक, मुलं मोठी झालेल्या गृहिणी यांच्यापाशी वेळही आहे. शहरातल्या किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाने वर्षाला पंचवीस-तीस जणांची एक तुकडी शिकवावी आणि शिकलेल्या तासांइतकी सेवा लेखी कबूल करून घ्यावी. रोपविक्रीला मात्र टेक्सासचा ऑक्टोबर उचलून नेऊ नये. झाडांची रोपं मृगाच्या सुमारास विकावीत. पालेभाज्या, टोमॅटो, फ्लॉवर आणि हिवाळी फुलझाडं दसऱ्यानंतर.

एखाद्या विद्यापीठाच्या विस्तार विभागातल्या कुणी या सदरातून उत्तर दिलं तर मला फार आनंद होईल. आमचा वर्ग कसा चालतो, सेवेच्या तासांची नोंद कशी ठेवतात आणि विक्रीच्या दिवसाचं नियोजन कसं होतं, हे सगळं मराठीत लिहून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक, ह्यूस्टन