पाळकसाहेब, लेकीच्या बाप्तिस्म्यासाठी तुमचे मनापासून आभार

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात आपणांस आणि पाळकीणबाईंना सलाम.

बाप्तिस्म्याचे फोटो तुम्हाला पाठवले, पेढेही पोहोचते केले, पण आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत असं ठरवलं, कारण आमच्या घरात जो पेच पडला होता तो आज पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत पडतो, आणि बहुतेक ठिकाणी सुटत नाही, नुसता दाबला जातो.

माझं माहेर नगरच्या जुन्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. आमच्याकडे मूल दोन-तीन महिन्यांचं झालं की बाप्तिस्मा. सासरचे लोक बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतले. तिथे मूल मोठं होतं, विश्वास धरतं, स्वतःच्या तोंडाने कबुली देतं आणि मगच पाण्यात उतरतं. लग्न ठरताना या फरकाकडे कुणी पाहिलं नाही. लेक झाली आणि तो समोर येऊन उभा राहिला. माझी आई म्हणायची, लेकराला असं किती दिवस ठेवणार? सासूबाई म्हणायच्या, ज्याला कळत नाही त्याचा कसला बाप्तिस्मा, ते तर नुसतं बारसं. नवरा दोघींच्या मधे गप्प.

तुमच्याकडे आलो तेव्हा वाटलं होतं, तुम्ही मंडळीचा नियम सांगाल आणि तारीख द्याल. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि आधी सासूबाईंना विचारलंत, "ताई, तुमचा बाप्तिस्मा कसा झाला, ते सांगाल?"

त्या सांगू लागल्या. राहुरीजवळ, मुळेच्या पात्रात, कमरेएवढ्या पाण्यात. वय विशीचं. काठावर मंडळी गात होती, पण माहेरचं एक माणूस तिथे नव्हतं. त्या वर्षी भाऊबीजेला भावाचं बोलावणं आलं नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं आलं नाही. या घरात आल्यापासून हे मी कधी ऐकलं नव्हतं. ज्या बाईने बाप्तिस्म्यासाठी माहेर गमावलं, तिला झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचं पाणी स्वस्त वाटणारच, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही त्यांना खोडून काढलं नाही. 1895 साली मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आलं, ते सांगितलंत. आपल्या मराठी मंडळ्यांची मुळं अशाच तुटलेल्या घरांत आहेत, म्हणून मोठेपणी घेतलेल्या बाप्तिस्म्याचा मान कुणी कमी करू नये, असं म्हणालात. मग बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडलात. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं. "हे बुडवण्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं शिंपडण्यात दिसत नाही, ताई, हे मला मान्य आहे," असं तुम्ही सरळ म्हणालात. सासूबाईंचा आवाज तिथून मऊ झाला.

पाण्याचा वाद तसा लवकर मिटला. पहिल्या मंडळ्यांच्या काळातलं ‘दिदाखे’ नावाचं छोटं पुस्तक तुम्ही दाखवलंत. वाहतं पाणी असेल तर त्यात, नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसेल तर कोमट चालेल. आणि दोन्ही नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा ओता. शिवाय देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपास करावा. नदी आणि लोटा दोन्ही एवढे जुने आहेत म्हटल्यावर त्यावर भांडायला काही उरलं नाही.

वयाचा प्रश्न मात्र अवघड होता, आणि तुम्ही तो सोपा करून दाखवला नाही, याचे मला फार आभार मानायचे आहेत. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने भूकंपाच्या त्याच रात्री घरातल्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला, ही बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली गोष्ट माझ्या आईने मोठ्या उत्साहाने पुढे केली. तुम्ही म्हणालात, त्या घरात तान्हं मूल होतं की नव्हतं हे शास्त्र सांगत नाही, तेव्हा त्याच्या जोरावर कुणाला गप्प करता येणार नाही. आईचा चेहरा पडला. पण मी मनात म्हटलं, या माणसाचं ऐकायला हरकत नाही.

मग तुम्ही उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचं सांगितलंत. इसवी सन 200च्या सुमाराला त्या शहरातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन लिहितो, लेकरांची घाई करू नका, त्यांना ख्रिस्त ओळखू द्या. पन्नासेक वर्षांनी त्याच शहराचा बिशप सिप्रियन दुसऱ्या बिशपला कळवतो, बाळासाठी आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नका. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला वाद अठराशे वर्षांचा जुना निघाला, आणि दोन्ही बाजूंना प्रभूवर जीव लावणारी माणसं होती. मला याने केवढा धीर आला! तोवर मी समजत होते की आमच्याच घरात कुणाचा तरी विश्वास कच्चा आहे.

पाळकीणबाई इतका वेळ चहा देत होत्या, मधे बोलल्या नव्हत्या. त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "आई तान्ह्या बाळाशी बोलते ते त्याला कळतं म्हणून नाही बोलत. आई बोलते म्हणून बाळ पुढे बोलायला शिकतं." सासूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पण शेवटी बोलावं तर बाळानंच लागतं ना?" आणि तुम्ही म्हणालात, "अगदी. म्हणूनच दृढीकरण आहे, मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी. देवाने आधी हाक मारली, हे आम्ही आज सांगतो. ओ तिचं तिलाच द्यायचं आहे."

हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. बाप्तिस्म्यात काम करणारा पहिला हात देवाचा असतो. सासूबाईंनी नदीत जे केलं तेही त्याच्या कृपेला दिलेलं उत्तर होतं, आणि लेकीचं उत्तर अजून यायचं आहे.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी, आपली सी.एन.आय., स्थापन झाली, तेव्हा तिच्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट यांच्याबरोबर बॅप्टिस्टही आले, आणि दोन्ही रीती एकाच छपराखाली ठेवल्या गेल्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. बाळाचं समर्पण करून बाप्तिस्म्यासाठी थांबायचं असेल तरी मी तेवढ्याच आनंदाने प्रार्थना करीन, असं सांगून तुम्ही निर्णय आमच्यावर सोपवलात. घाई केली असतीत तर सासूबाई उपासनेला आल्या असत्या, पण मनाने आल्या नसत्या.

आम्ही बाप्तिस्मा द्यायचं ठरवलं. आदल्या शनिवारी तुम्ही आम्हा दोघांना रिकाम्या चर्चमध्ये उभं करून प्रत्येक प्रश्न वाचून दाखवलात. पापाचा आणि सैतानाच्या कामांचा त्याग करता का, ख्रिस्ताला प्रभू मानता का, मुलीला या विश्वासात वाढवाल का. नवरा भराभर "होय" म्हणत गेला, तेव्हा तुम्ही पुस्तक मिटून त्याला म्हणालात, "घरी जाऊन पुन्हा वाच. उद्या विचारीन तेव्हा तुझं उत्तर हवं आहे." रात्री तो खरंच वाचत बसला होता. बाळाच्या बाप्तिस्म्याने आई-बापांची झाडाझडती होते, हे आम्हा दोघांना तेव्हा समजलं.

रविवारी तुम्ही कुंडातल्या पाण्यात आधी स्वतःचं मनगट बुडवून पाहिलंत आणि थोडं कोमट पाणी घालायला लावलंत. लेकीचं नाव घेऊन तीनदा पाणी घातलंत. मग सगळ्या मंडळीला उभं करून विचारलंत की या मुलीला विश्वासात वाढवायला तुम्ही हातभार लावाल का. सगळ्यांत मोठ्याने "होय" म्हटलं ते सासूबाईंनी.

त्यांना लेकीची धर्ममाता, म्हणजे तिला विश्वासात वाढवायची जबाबदारी घेणारी, व्हायला सांगायचं तुम्हालाच सुचलं होतं, त्याबद्दल तुमचे वेगळे आभार. आता त्या रोज लेकीला घेऊन प्रार्थनेला बसतात, आणि माझी आई आली की दोघी एकत्र बसतात.

एक विनंती. नवऱ्याच्या मावसभावाच्या घरी हाच पेच पडला आहे, फक्त उलट्या बाजूने: तिथे आजोबांना लगेच बाप्तिस्मा हवा आहे आणि आई-बाप थांबायचं म्हणतात. त्यांना तुमचा नंबर दिला आहे. ते फोन करतील, त्यांनाही वेळ द्याल ना?

आपली कृतज्ञ,
तुमच्या मंडळीतली एक आई