सरासरी आठ महिने म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत कर्करोगावरच्या लेखात 'असे रुग्ण सरासरी आठ महिने जगतात' असं वाक्य ठळक चौकटीत छापलं होतं. हाच आकडा चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला एका रुग्णालयात ऐकवला गेला. दादा कोरेगाव तालुक्यात शेती करतात. त्या वर्षी त्यांनी आलं लावलंच नाही. काढणीला आठ-नऊ महिने, तोवर आपण कुठले, असा हिशेब करून वाघ्या घेवडा टाकला. तो तीनेक महिन्यांत हाती येतो. यंदा मात्र आल्याचं बेणं सांगून ठेवलंय.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे वर्गात जन्मभर सांगत आलो, तेव्हा दादांना पुरावा म्हणून उभं करत नाही. तक्रार आकडा सांगण्याच्या रीतीबद्दल आहे. तो सरासरी होता की मध्यक (आकडे चढत्या क्रमानं मांडले की मधोमध येणारा), हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. समजा, पाच रुग्ण २, ३, ६, ९ आणि ६० महिने जगले. सरासरी येते १६, पण चौघे तिथवर पोचलेच नाहीत. मध्यक ६. त्यात पाचवा रुग्ण पाहणी संपताना हयात असेल, तर त्याचे ६० म्हणजे 'निदान ६०'. त्याला मृतांत धरलं तरी चूक, वगळलं तरी चूक. अशा अपुऱ्या नोंदींसकट जगण्याचा आलेख कसा काढायचा, ते कॅपलान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्येच दाखवून दिलंय.

दुसरी गोष्ट अशी, की धोका सगळा काळ सारखाच नसतो. विहिरीवरची नवी मोटर वायंडिंगमध्ये खोट असेल तर सुरुवातीलाच जळते. तेवढं निभावलं की वर्षानुवर्षं चालते आणि मग बेअरिंग झिजून कुरकुरायला लागते. वस्तू किती टिकेल याचं सूत्र मांडणारे स्वीडनचे अभियंते वालोडी वायबुल, त्यांच्या सूत्रात एक घातांक असतो. तो एकाहून कमी असेल तर धोका काळाबरोबर घटतो, एक असेल तर तेवढाच राहतो, जास्त असेल तर वाढत जातो. काही आजारांत शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने सर्वांत अवघड असतात. ते पार केलेल्याचा हिशेब तिथून नव्यानं मांडायला हवा. दादांचा कुणी मांडला नाही, पहिल्या दिवशीचाच आकडा त्यांच्या डोक्यात राहिला. (वायबुल यांनी १९५१ च्या लेखात पोलादाबरोबर भारतीय कापसाच्या तंतूंची ताकद आणि घेवड्याच्या दाण्यांची रुंदीही याच सूत्रात बसवून दाखवली होती. दादांना हे सांगितल्यावर ते चार वर्षांत पहिल्यांदा या विषयावर हसले.)

आपल्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे भुकेच्या आकडेवारीबद्दल हेच बजावत राहिले. सरासरी उष्मांकाची रेघ ओढून तिच्याखालचे सगळे उपाशी ठरवू नका. माणसामाणसांत फरक असतो आणि एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते.

म्हणून विनंती अशी, की असा आकडा छापताना तो सरासरी की मध्यक ते लिहावं, शंभरांतले किती जण एका वर्षानं आणि पाच वर्षांनी हयात होते ते द्यावं, आणि ते रुग्ण कोणत्या काळातले तेही सांगावं. जुन्या उपचारांचे आकडे आजच्या रुग्णाच्या गळ्यात पडतात. एवढ्याला जागा नसेल तर चौकटच नको.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा