मुदत संपलेला हार्डनर आणि पद्मिनी गाडीचा न वाळणारा रंग : तक्रार पत्र

दिनांक : १० मार्च २०२५
सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
(वाहनांचे रंग तयार करणारी आपली कंपनी)

विषय : जानेवारी २०२५ मध्ये खरेदी केलेल्या दोन-घटकी पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या तीन संचांतील सदोष हार्डनरबाबत (रंगात मिसळून तो कडक करणारा घटक), तसेच आपल्या २० फेब्रुवारीच्या उत्तराबाबत.

महोदय,

आपल्या विभागाने २० फेब्रुवारी रोजी ई-मेलने पाठवलेले तीन ओळींचे उत्तर मिळाले. "रंगकाम स्प्रे बूथशिवाय (रंग फवारण्याच्या बंदिस्त खोलीशिवाय), घरगुती वातावरणात व अव्यावसायिक पद्धतीने झाल्यामुळे कंपनी जबाबदारी स्वीकारू शकत नाही, तथापि सदिच्छा म्हणून एक संच विनामूल्य देण्यात येईल," असा त्याचा आशय आहे. हे उत्तर मला मान्य नाही आणि सदिच्छेचा संचही नको आहे. माझी तक्रार रंग कोठे मारला याविषयी नसून आपल्या खोक्यातून काय निघाले याविषयी आहे, आणि त्या प्रश्नाला आपल्या उत्तरात एका शब्दानेही स्पर्श केलेला नाही. म्हणून सर्व हकीकत पुन्हा, या वेळी सविस्तर, लिहीत आहे.

माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली त्या आठवड्यात, गावभागातील आमच्या घराच्या बोळात सहा दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर वरून धुतलेली गाडी बरी दिसत होती, पण दरवाजांच्या पोकळीत आणि पायरीखालच्या पत्र्यात बसलेला गाळ कोणाच्या लक्षात आला नाही, आणि त्याने पुढची चार वर्षे आतून पत्रा खाल्ला. पद्मिनीला वेगळी चॅसी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो, त्यामुळे हा गंज नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. २०२३ मध्ये मी निवृत्त झालो. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचा खर्च सत्तर हजारांच्या पुढे सांगितला गेला; निवृत्तिवेतनात तो बसणारा नसल्याने पत्र्याचे वेल्डिंग तेवढे कारागिराकडून करून घ्यायचे आणि बाकी सर्व काम घरी स्वतः करायचे, असे मी ठरवले.

हे काम मी घाईने किंवा हौसेखातर कसेबसे उरकलेले नाही. जून २०२४ पासून सहा महिने केवळ पूर्वतयारीत गेले. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला, गंज खरवडून त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, धुऊन वाळवून इपॉक्सी प्रायमर मारला, खळग्यांत लांबी (पुट्टी) भरली, ८० नंबरच्या कागदापासून ६०० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत क्रमाने घासले आणि सरफेसर (अंतिम रंगाखालचा गुळगुळीत थर) मारला. पायरीचा कुजलेला पत्रा कापून तेथे नवा जोडला. आरसी बुकात नोंदलेला मूळचा क्रीम रंगच ठेवला, म्हणजे आरटीओकडे रंगबदलाची नोंद करण्याचा खटाटोप वाचतो.

आपला पहिला संच, म्हणजे एक लिटर रंग व २५० मिली हार्डनर, मी सांगलीतील आपल्या अधिकृत विक्रेत्यांकडून २० डिसेंबर २०२४ रोजी २,१५० रुपयांस घेतला आणि २२ डिसेंबरला काढून ठेवलेले चार दरवाजे व डिकीचे झाकण यांवर मारला. हा रंग दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला कोरडा लागला, आठवड्याने नखाला दाद देईना, आणि त्याची चकाकी आजही निर्दोष आहे. तोपर्यंत आपल्या मालाविषयी माझी कोणतीही तक्रार नव्हती. उलट शेजारच्या दोघांना मीच त्याची शिफारस केली, याची आज लाज वाटते.

८ जानेवारी २०२५ रोजी मी त्याच दुकानातून आणखी तीन संच घेतले. ११ जानेवारीला त्यांतील दोन खोके उघडले, तेव्हा दोन्हींतील हार्डनरच्या डब्यांची झाकणे किंचित फुगलेली दिसली. पहिले झाकण उचकटताच सोड्याची बाटली उघडावी तसा फुस्स आवाज होऊन वायू बाहेर पडला. डिसेंबरातील हार्डनर पाण्यासारखा पारदर्शक होता. हा मात्र तांदळाच्या धुवणासारखा गढूळ होता आणि काडीने ढवळल्यावर तळाला पांढरट गाळ लागला.

येथे एक गोष्ट नमूद करतो. मी तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होतो. पीयू हार्डनरमधील आयसोसायनेट या मुख्य रसायनाचा पाण्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि हार्डनर आपल्या कामापूर्वीच खर्ची पडतो, एवढे मला ठाऊक होते. म्हणूनच रंग मिसळण्यापूर्वी मी त्याच दुपारी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर दूरध्वनी केला, झाकण फुगल्याचे, आवाजाचे आणि गढूळपणाचे वर्णन केले, आणि "हा डबा वापरू की परत करू?" असे स्पष्ट विचारले. "वाहतुकीत ऊन लागल्याने असे होते, व्यवस्थित हलवून वापरा," असे उत्तर मिळाले. या संभाषणाचा आपण दिलेला नोंदणी क्रमांक सोबतच्या अर्जात लिहिला आहे; ध्वनिमुद्रण आपल्याकडे असेलच. आपल्या माणसावर विश्वास ठेवून मी स्वतःच्या शंकेकडे दुर्लक्ष केले, ही माझी चूक मी मान्य करतो. पण ती चूक मी आपल्याला विचारून केली आहे.

१२ जानेवारीला बॉनेट, टप, चारही मडगार्ड व दोन्ही बाजू रंगवल्या. प्रमाण डब्यावर छापलेले चारास एक, मापाच्या भांड्याने मोजून. थिनर आपल्याच कंपनीचा, डिसेंबरात वापरलेल्या त्याच पाच लिटरच्या डब्यातील. गन व कॉम्प्रेसर त्याच दुकानातून भाड्याने आणलेले. शेडला चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद बांधून जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली होती आणि दुपारी अकरा ते दोन या वेळात काम केले होते.

तो रंग वाळला नाही. तिसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तो बोटाला चिकटत नव्हता पण दाबला की खळगा पडत होता, आणि आज आठ आठवड्यांनंतरही तीच स्थिती आहे. आमच्याकडे या दिवसांत उसाचे फड पेटवतात आणि पाचटाची काजळी गावभर उडते. वाळलेल्या रंगावरून ती फडक्याने निघून जाते, या रंगात मात्र ती जागच्या जागी रुतून बसली आहे. टपावर मांजराची पावले उमटली आहेत. वॉटर पेपर दोन हात फिरवला की त्यावर मेणासारखी साय धरते आणि कागद फुकट जातो, त्यामुळे घासून पुन्हा रंग मारण्याचा मार्गही उरलेला नाही. सर्व रंग पत्र्याच्या पातीने खरवडून काढावा लागणार आहे आणि त्यात खालच्या सरफेसरला ओरखडे पडून तोही नव्याने मारावा लागणार आहे.

३१ जानेवारी रोजी आपले प्रतिनिधी येऊन गेले. त्यांनी चार छायाचित्रे काढली, शेडकडे पाहून "बूथ नाही का?" असे विचारले, बॉनेटवर अंगठा दाबून पाहिला आणि वीस मिनिटांत निघून गेले. हार्डनरचे डबे मी समोर ठेवले होते. ते त्यांनी हातातही घेतले नाहीत.

ते गेल्यावर वाद तोंडी राहू नये म्हणून मी २ फेब्रुवारीला एक साधी चाचणी केली. एकाच पत्र्याचे चार तुकडे एकाच प्रायमरने तयार केले. पहिल्यावर डिसेंबरच्या संचातील उरलेला रंग व त्याच संचाचा हार्डनर, दुसऱ्यावर डिसेंबरचा रंग व जानेवारीचा हार्डनर, तिसऱ्यावर जानेवारीचा रंग व डिसेंबरचा हार्डनर, आणि चौथ्यावर दोन्ही जानेवारीचे, असे मिश्रण एकाच थिनरने, एकाच दुपारी, त्याच शेडमध्ये मारले. दहा दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, पहिला व तिसरा तुकडा दगडासारखा कडक झालेला होता. थिनरने भिजवलेले फडके घासूनही त्याला काही झाले नाही. दुसरा व चौथा नखाने खरवडला आणि त्याच फडक्याला क्रीम रंग लागला. म्हणजे जेथे जानेवारीचा हार्डनर आहे तेथेच रंग मऊ राहिला, मग रंग कोणत्याही महिन्याचा असो. डिसेंबरचा हार्डनर तर तोपर्यंत सहा आठवडे उघडलेल्या डब्यात होता, तरी त्याने काम केले. शेड, हवा, गन, थिनर आणि माझा हात हे चारही तुकड्यांना समान असताना दोष "घरगुती वातावरणाचा" कसा ठरतो, हे आपण मला लेखी कळवावे.

चाचणीनंतर रिकामे डबे पुसून ठेवताना कारण हाती लागले. जानेवारीच्या खोक्यांवर पॅकिंगचा महिना डिसेंबर २०२४ असा छापलेला आहे. आतील हार्डनरच्या डब्यांच्या बुडावर मात्र शाईचा शिक्का फेब्रुवारी २०२३ चा आहे, आणि त्याच डब्याच्या लेबलवर तिळाएवढ्या अक्षरांत "पॅकिंगपासून १२ महिन्यांत वापरावे" असे लिहिलेले आहे. डिसेंबरच्या संचातील डब्यावर हाच शिक्का सप्टेंबर २०२४ चा आहे. याचा सरळ अर्थ असा, की मुदत संपून दहा महिने झालेला हार्डनर नव्या खोक्यात घालून, वर नवा महिना छापून, पूर्ण किमतीला विकला गेला. खोका प्लॅस्टिकमध्ये सीलबंद असल्याने ग्राहकाला किंवा दुकानदाराला डब्याचे बूड दिसण्याचा संभव नाही. म्हणून विक्रेत्यांविषयी माझी तक्रार नाही. हे चुकून घडले की जाणूनबुजून, हे मी ठरवू शकत नाही, पण ते आपल्याच कारखान्यात घडले आहे.

"घरगुती वातावरण" या शब्दांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. आपल्या खोक्यावर अंगणात उभ्या असलेल्या गाडीला रंग मारणाऱ्या माणसाचे चित्र आहे आणि खाली "आता घरच्या घरी" असे मराठीत छापलेले आहे. विकताना घर चालते आणि भरपाईच्या वेळी बूथ लागतो, हा न्याय समजण्यापलीकडचा आहे. घरी काम करणारा माणूस पैसे वाचवण्यासाठी ते करतो. त्याच्याकडे दुसऱ्यांदा सर्व साहित्य घेण्याची ऐपत नसते, आणि म्हणूनच त्याला दिलेल्या मालाची जबाबदारी कमी नव्हे तर अधिक असते.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. तीन संचांचे ६,४५० रुपये, मऊ रंग काढण्यासाठी लागणारे साहित्य व कागद २,४०० रुपये, नव्याने सरफेसर १,९०० रुपये, गन व कॉम्प्रेसरचे तीन दिवसांचे भाडे १,२०० रुपये आणि मदतनिसाची चार दिवसांची मजुरी २,८०० रुपये, असे एकूण १४,७५० रुपये मला मिळावेत. थिनर मी यात धरलेला नाही, कारण तो निर्दोष होता. माझ्या स्वतःच्या श्रमाचा एक रुपयाही धरलेला नाही. गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण या रंगापायी रखडले आहे, त्याचा हिशोबही मी मांडत नाही. मात्र फेब्रुवारी २०२३ चा शिक्का असलेले डबे आणखी किती खोक्यांत गेले आहेत ते शोधून ते दुकानांतून परत मागवावेत आणि तसे केल्याचे मला लेखी कळवावे, ही मागणी पैशांइतकीच महत्त्वाची आहे. या मोसमात माझ्यासारखे आणखी कोणी रंग का वाळत नाही म्हणून स्वतःच्या हाताला दोष देत बसले असेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सांगली येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिलेली असल्याने त्यासाठी मला आपल्या मुख्यालयाच्या गावी यावे लागणार नाही. खरेदीच्या पावत्या, डब्यांच्या बुडाची छायाचित्रे, चार तुकड्यांची छायाचित्रे आणि आपला ई-मेल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

जानेवारीत घेतलेला तिसरा संच मी उघडलेला नाही. तो आपल्या कारखान्यातून आला तसा सीलबंद कपाटात ठेवला आहे आणि दोन्ही पक्षांसमक्ष, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच उघडला जाईल. आपल्या प्रतिनिधींना पुन्हा यायचे असल्यास एक दिवस आधी कळवून यावे. त्यांनी ३१ जानेवारीला दाबलेल्या अंगठ्याचा ठसा बॉनेटवर रेषान् रेष स्पष्ट आहे. तो मी पुसलेला नाही.

आपला विश्वासू,
(सही)
तक्रारदार ग्राहक, गावभाग, सांगली
(नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सोबतच्या अर्जात)