नाशिकरोडच्या नोटा आणि ढाक्यातील आपले उच्चायुक्त

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नवस्वतंत्र देशांत भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या राजदूतांवरचा कालच्या रविवार पुरवणीतील लेख मी दोनदा वाचला. बांगलादेशातील भारताचे पहिले उच्चायुक्त सुबिमल दत्त यांच्यावरचा मजकूर चांगला आहे. चितगावकडे जन्मलेला, परराष्ट्र सचिवपदावर काम केलेला आणि निवृत्तीनंतर पुन्हा बोलावून घेतलेला हा माणूस भारताचा प्रतिनिधी म्हणून आपल्याच जन्मभूमीत परतला, हे लेखकाने मनापासून लिहिले आहे. परंतु नव्या बांगलादेशासाठी नाशिकला छापलेल्या ‘निकृष्ट आणि जादा’ नोटांमुळे ढाक्यातील आपल्या वकिलातीची पंचाईत झाली, असे जे एक वाक्य त्यांनी जाता जाता लिहून टाकले आहे, त्याने माझी कालची रात्र बेचैनीत गेली.

माझे वडील त्या वेळी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छपाईच्या कामावर होते. १९७२ च्या सुरुवातीचे ते दोन महिने मला पक्के आठवतात, कारण आम्ही भावंडे झोपल्यावर ते घरी येत आणि उठण्याआधी निघून जात. सुटताना गेटवर झडती व्हायची, जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागे. आत काय छापले जाते हे त्यांनी आईलाही कधी सांगितले नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका नोटसंग्राहकाने त्यांच्या हातावर एक टाक्याची (टाका म्हणजे बांगलादेशाचे चलन) नोट ठेवली, बांगलादेशाचा नकाशा असलेली. त्यांनी ती भिंगाखाली धरली, कडेवरून अंगठा फिरवला, नंबरांची ओळ तपासली आणि म्हणाले, “शाई कुठे पसरलेली नाही.” त्या नोटेबद्दल ते आमच्याशी बोलले ते तेवढेच.

१ आणि १०० टाक्यांच्या त्या नोटा ४ मार्च १९७२ रोजी चलनात आल्या. तोवर त्या देशात पाकिस्तानी रुपयाच चालत होता आणि नोटा छापण्याची स्वतःची सोय नव्हती. घाईत काढलेल्या नोटांची नक्कल करणे सोपे गेले, त्या पुढे मागे घ्याव्या लागल्या आणि नंतरच्या नोटा इंग्लंडमधून छापून आल्या, हे मी नाकारत नाही. पण घाईत केलेले काम आणि निकृष्ट काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ती घाई कामगारांची नव्हती. राहिला ‘जादा’ हा शब्द. भारताने गुपचूप जास्त नोटा छापल्या ही त्या काळी ढाक्यात पसरलेली वदंता होती. आपल्या लेखकाने ती वदंता म्हणून न देता घडलेली गोष्ट म्हणून दिली आहे. त्यांच्याकडे पुरावा असेल तर तो छापावा.

खरे तर राजदूताच्या कामाची गोष्ट इथेच होती. १२ मार्चला भारतीय सैन्याने ढाक्याचा निरोप घेतला आणि १९ मार्चला मैत्री करार झाला. ज्या देशाचे सैन्य नुकतेच परत गेले आहे, त्या देशाच्या प्रतिनिधीने तांदूळ दिला काय किंवा नोटा दिल्या काय, घेणाऱ्याच्या मनात संशय येणारच. तो संशय दररोज ऐकून घेणे आणि तरीही मदत थांबू न देणे, हे दत्तांसारख्यांचे खरे काम होते. लेखात त्यावर एक ओळही नाही, सगळा दोष मात्र नाशिकच्या छापखान्यावर ढकलला आहे.

जाता जाता आणखी एक. लेखात सरसकट ‘राजदूत’ म्हटले आहे. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात. १९४७ मध्ये कराचीला गेलेले श्रीप्रकाश हे पाकिस्तानातील आपले पहिले उच्चायुक्त, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा आपले राज्यपालही तेच होते. मराठी वर्तमानपत्रातील या विषयावरच्या लेखात त्यांचे नावही नसावे आणि औंधच्या अप्पासाहेब पंतांचेही नसावे, याचे वाईट वाटते. पंत तर केनिया स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी, १९४८ पासूनच, नैरोबीत भारताचे आयुक्त होते.

‘निकृष्ट आणि जादा’ या शब्दांबद्दलचा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर द्यावा, ही विनंती. वडील आता नाहीत. त्यांच्या पाळीतले दोघे नेहरूनगरात आहेत, दोघांकडेही आपलाच अंक येतो, आणि आज सकाळी त्यातल्या एकांनी मला फोन करून विचारले की असे का छापले. मला उत्तर देता आले नाही.

आपला एक जुना वाचक,
जेलरोड, नाशिकरोड