विमानाच्या बॅफलवर काळे पावडर कोटिंग नको

मा. संपादक,

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, तेव्हापासून हौशी विमानबांधणीवर मराठीत बरेच छापून येते. ते वाचून एखाद्याने काम हाती घेतले, तर पत्र्याचे सुटे भाग आपल्या कुपवाड-मिरजच्या एमआयडीसीतही करून घेता येतात. मात्र अशा कामात इंजिनाभोवतीच्या पत्र्याचा, म्हणजे बॅफलचा, लेप बहुतेक वेळा दिसण्यावरून ठरतो. काळे चकचकीत पावडर कोटिंग (कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग) फोटोत झकास दिसते, पण बॅफलसाठी तो सर्वांत वाईट पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लायकोमिंग कंपनीच्या इंजिनासारख्या एअरकूल्ड, म्हणजे हवेने गार होणाऱ्या, इंजिनात काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पुढच्या तोंडांतून आलेली हवा सिलिंडरच्या फिनांमधूनच (बाहेरच्या पातळ पात्यांमधूनच) खाली उतरली पाहिजे. तिला दुसरी वाट मिळू नये म्हणून इंजिनाभोवती पातळ पत्र्याच्या ज्या भिंती उभ्या करतात, त्या म्हणजे बॅफल. पत्रा बहुधा २०२४-टी३ अल्क्लॅड (शुद्ध अॅल्युमिनियमचा थर दिलेला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू), ०.८ मि.मी. जाडीचा असतो आणि वरच्या काठावर सिलिकॉन रबराची पट्टी बसवतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांवर चालते तेव्हा सेकंदाला ९० स्फोट होतात. तो थरकाप हा पत्रा सतत सोसत असतो, त्यामुळे बॅफलला कधी ना कधी तडा जातोच. घडीच्या आतल्या कोपऱ्यात, सिलिंडरला धरणाऱ्या स्क्रूभोवती, आणि ऑइल कूलर मागच्या बॅफलवर टांगला असेल तर त्याच्या बोल्टांपाशी आधी पाहावे.

म्हणून लेपाकडून पहिली अपेक्षा ही की तडा आणि तेलाचा ओघळ लगेच दिसावा. पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी पृष्ठभागावर केसाएवढी चीरही काळी रेघ होऊन उठून दिसते. पावडरचा ६० ते ८० मायक्रॉनचा चिवट थर मात्र चिरेवर ताणला जातो आणि खालचा पत्रा फाटला तरी वरून अखंड दिसतो.

पावडरचे इतर तोटेही कमी नाहीत. एक चौरस मीटर पत्र्याला दोन्ही बाजूंनी ७० मायक्रॉन पावडर दिली, तर वजन सुमारे २०० ग्रॅमने वाढते. तेवढ्या पत्र्याचे स्वतःचे वजन सव्वादोन किलोच्या आतबाहेर असते. भट्टीचे तापमान १८० ते २०० अंश असते आणि तिथे २०२४-टी३ची गंज सोसण्याची ताकद उतरू शकते. शिवाय लोखंडी कपाटे, कूलरच्या बॉड्या करणाऱ्या भट्टीवाल्याकडची पूर्वतयारी लोखंडासाठी असते. त्याने शॉट ब्लास्टिंग (स्टीलच्या बारीक गोळ्यांचा मारा) केले तर ०.८ मि.मी.चा पत्रा पोटात वाकतो आणि स्टीलचे कण त्यात रुतून पुढे तिथेच खड्डे पडतात.

काळा रंग उष्णता जास्त बाहेर टाकतो, ही समजूतही खरी नाही. इंजिनाच्या तापमानाला उष्णतेचे उत्सर्जन अवरक्त किरणांत होते आणि तिथे पांढरा रंग काळ्याइतकाच चालतो. शिवाय गार करण्याचे काम मुख्यतः वाहती हवा करते. पट्टी आणि काउलिंग यांच्यात राहिलेली फट कोणत्याही रंगापेक्षा अधिक नुकसान करते. रात्री काउलिंगमध्ये दिवा लावून बाहेरून पाहिले की अशा फटी सापडतात.

अॅनोडायझिंगचा, म्हणजे अॅसिडच्या टाकीत वीज सोडून पत्र्यावरच वाढवलेल्या ऑक्साइडचा, थर कठीण आणि ठिसूळ असतो. सतत थरथरणाऱ्या पातळ पत्र्याची थकवा सोसण्याची ताकद त्याने घटते. जोडलेल्या भागाच्या सांध्यात अॅसिड अडकून राहते ते वेगळेच. ते बॅफलवर नकोच.

पत्रा उघडाच ठेवायला हरकत नाही. अल्क्लॅडवर प्रत्येक बाजूला शुद्ध अॅल्युमिनियमचा सुमारे ५ टक्के, म्हणजे ४० मायक्रॉनचा थर असतो आणि तोच संरक्षण करतो. पण पॉलिश पेपरने घासघास घासले की तो थर जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विमान बरेचदा उभेच राहते, आत दव धरते आणि साखर कारखान्यांच्या गाळप हंगामातली राख सांध्यात बसून ओल धरून ठेवते. अशा ठिकाणी पातळ लेप द्यावा, असे मी सुचवेन.

क्रोमेट कन्व्हर्जन, म्हणजे सोनेरी छटेचा अॅलोडाइनसारखा लेप, मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, वजन वाढवत नाही आणि वीज वाहू देतो. साठ अंशांच्या पुढे त्याचे गुण उतरतात, म्हणून एकट्यावर न विसंबता तो प्रायमरखाली द्यावा. त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. हातमोजे हवेतच, आणि वापरलेले पाणी गटारात सोडू नये, ते अखेर कृष्णेलाच मिळते. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा.

काम या क्रमाने करावे. सगळी भोके पाडून, बर (कापल्यावर कडेला उठलेली धार) काढून, कडा लांबीच्या दिशेने कानसून घ्याव्यात. आडवा ओरखडा राहिला की तिथून तडा सुरू होतो. खुणा पेन्सिलीने करू नयेत, शिशातला ग्रॅफाइट ओलीत अॅल्युमिनियमला खातो. मार्कर वापरून थिनरने पुसावा. मग तेलकटपणा काढून बारीक स्कॉचब्राइटने (घासणीच्या जाळीने) हलके, नुसती चकाकी जाईल इतकेच घासावे. स्वच्छ पाणी ओतल्यावर ते थेंबांत न फुटता सलग पसरले तर पत्रा तयार आहे. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, वाळल्यावर २० मायक्रॉनच्या आसपास राहील असा एकच हात, आणि वर पांढऱ्या पॉलियुरेथेनचा एक पातळ हात. हवेत ८५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता असेल त्या दिवशी फवारू नये, रंग धुरकट होतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

फवारण्याआधी सिलिंडरला टेकणारी जागा, अर्थिंगची जागा आणि सिलिकॉन लागणार तो काठ टेपने झाकावा. बोल्टखाली रंग राहिला की तो उष्णतेने दबतो, आवळण सैल होते आणि सैल बॅफल फिनांवर घासू लागते. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचेच घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना अॅसिटिक अॅसिड सोडते आणि पत्रा खाते.

लायकोमिंगच्या ओ-३२० आणि ओ-३६० इंजिनांत सिलिंडर हेडची कमाल मर्यादा २६० अंश आहे, पण वरच्या बॅफलला बाहेरची गार हवा लागते, त्यामुळे हा रंग तिथे टिकतो. सिलिंडरखालची, एक्झॉस्टजवळची बॅफल मात्र उघडीच ठेवावीत. तिथे रंग करपून पोपडे निघतात.

वर्कशॉपला काम देताना जॉबकार्डावर लिहून द्यावे: ब्लास्टिंग नाही, भट्टी नाही, झाकलेल्या जागा उघड्या, रंग पांढरा. पुढे तेल बदलायला काउलिंग उघडाल, तेव्हा प्रत्येक वेळी टॉर्च घेऊन वर सांगितलेले कोपरे पाहावेत. चीर दिसली तर तिच्या टोकाला ३ मि.मी.चे भोक पाडावे आणि त्याच जाडीच्या पत्र्याचे ठिगळ रिव्हेट करावे. नुसता रंग ओढून ती झाकू नये.

– विमानबांधणीचा एक अभ्यासक, विश्रामबाग, सांगली