सत्तावीसच्या यादीत न बसणारे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ते '27 क्लब'वालं, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या परदेशी गायक-वादकांचं पान छापलंत, हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन, एमी वाइनहाउस, सगळ्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. दिसायला भारीच होतं, इथल्या पोरांच्या स्टेटसला पण दोन दिवस फिरत होतं. पण कोण नेमकं कशाने गेलं हे कुठेच नीट नाही, सगळं 'प्रतिभेचा शाप' वगैरे. मी नाशिकला अंबडमध्ये कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवतो, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये वाजवणाऱ्या पोरांमध्ये उठबस असते, म्हणून हे लिहितोय.

हेंड्रिक्स 18 सप्टेंबर 1970 ला गेला तो झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, झोपेत उलटी झाली आणि श्वास कोंडला म्हणून. यात शाप कुठला आला? आपल्याच जिल्ह्यात मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून जी विकतात ती पण अशीच औषधाची गोळी, अल्प्राझोलाम, डॉक्टर घबराटीवर लिहून देतात ती. एमी तर 2011 मध्ये निव्वळ दारूने गेली, आणि आपलं शहर वाइन कॅपिटल म्हणून मिरवतं, असो. मॉरिसनचं पोस्टमॉर्टेमच झालं नाही, हार्ट बंद पडलं एवढंच कागदावर आहे.

आणि 27 या आकड्याने बाकीचे झाकले जातात त्याचं काय. गायक प्रिन्स 2016 मध्ये 57 व्या वर्षी फेंटानिल या जबर वेदनाशामकाने गेला. रॉक गायक टॉम पेटी 66 वर्षांचा, खुब्याचं हाड मोडलेलं तरी पन्नासच्या वर शो केले कारण टूर ठरलेली होती, आणि 2017 मध्ये वेदनेवरच्या औषधांचं मिश्रण जास्त होऊन संपला. ह्यात बंडखोरी-बिंडखोरी काही नाही, दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्टेजवर उभं ठेवायचं म्हणजे हे असं होतं.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो लेन स्टेली, ॲलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडचा गायक. 1996 च्या जुलैनंतर तो बँडबरोबर कधी स्टेजवर आलाच नाही, सिएटलला घरात कोंडून घेतलं, हेरॉइन आणि कोकेन. एप्रिल 2002 मध्ये मेला तेव्हा 34 चा होता आणि ते कळायला दोन आठवडे लागले, तेही कसं, तर त्याच्या अकाउंटंटच्या लक्षात आलं की खात्यातून पैसेच निघाले नाहीयेत. लाखो लोकांना पाठ असलेला आवाज आणि तो गेल्याचं कळलं बँकेच्या खात्यावरून. हे छापा ना पुरवणीत.

तुम्ही लिहिलंय की प्रसिद्धीने त्यांचा भ्रमनिरास झाला. झालाच असेल, कोबेनचा सप्टेंबर 1991 मध्ये अल्बम आला, चार महिन्यांत अमेरिकेत एक नंबरला, आणि एप्रिल 1994 ला माणूस नाही, आणि पोटदुखीसाठी हेरॉइन घेतो असं तो स्वतःच सांगायचा. पण त्यांना आधी काहीतरी मिळालं होतं आणि मग त्याचा वीट आला. आमच्याकडे एक पोरगा आहे, अजून स्वतःचं एक गाणं पूर्ण केलेलं नाही, प्रॅक्टिसला यायचं तर डोळे तारवटलेले, विचारलं तर म्हणतो 'सर, काही अर्थच वाटत नाही'. अरे बाबा, तुझी एक टूर झालेली नाही, तुला थकायला काय झालं! वीट आयता घेतलाय ह्यांनी, वाजवणं मात्र अजून शिकायचंय. पूर्वी तीन तास सलग वाजवणारा हाच पोरगा आता अर्ध्या तासात बोटं थरथरतात म्हणून गिटार खाली ठेवतो.

माल मिळायला लांब जावं लागतं असंही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी इथल्याच शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन, नशेची पावडर) कारखानाच पकडला, सुमारे 300 कोटींचा माल, तुम्हीच पहिल्या पानावर छापलं होतंत. त्यानंतर काय, तर आईबाप घाबरले, पोरं जास्त लपवायला लागली. पोलिसांत नाव जाईल म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. वास्तविक 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64-अ आहे, थोड्या मालात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कितीजणांना माहितीये? पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे, 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

आणि सुटलेल्यांची यादी कधी का नाही लावत? गिटारवाला एरिक क्लॅप्टन आधी हेरॉइन मग दारू, 1987 पासून सगळं सोडलेला, 1998 मध्ये अँटिग्वाला व्यसनमुक्ती केंद्र काढलं आणि पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतःच्या 100 गिटारी लिलावात काढल्या. गायक एल्टन जॉन 1990 पासून सुटलाय. दोघांनी त्यानंतर वर्षानुवर्षं स्टेज गाजवलंय. फोटो पाहिजेत तर यांचे पण मिळतात, म्हातारे दिसतात एवढंच. पुढच्या पुरवणीत त्यांना अर्धं पान द्या आणि खाली तो 14446 मोठ्या अक्षरात टाका, जाहिरातीची जागा थोडी कमी झाली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक