परत आलेलं पुस्तक

अंबाजोगाई,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर बोलायचं नव्हतं. दोनदा लावलाही होता, पण तुझा आवाज ऐकला आणि "काही नाही, सहज केला" म्हणून ठेवून दिला. म्हणून आता कागद घेऊन बसलोय. तूही घाईत वाचू नकोस.

उन्हाळ्यात आपल्या ग्रंथालयासाठी एक अनुवादित कादंबरी घेतली. गोष्ट अमेरिकेतली आहे. शेजारशेजारची दोन घरं, एकमेकांच्या अंगणात वाढलेली लेकरं, आणि सतराव्या वर्षी त्यातली मुलगी स्वतःचा जीव देते. पुढची सगळी पानं मागं राहिलेल्यांची. नोंद करून कपाटात लावली तेव्हा मला ती विशेष वाटली नव्हती. पण तेव्हापासून ती कपाटात आठ दिवससुद्धा टिकली नाही. परतीच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा उरली नाही, तेव्हा खाली दुसरी चिठ्ठी डकवली.

पुस्तक परत आलं की मी पानं चाळून बघतो, तुला माहीत आहे. या पुस्तकात मुलगी गेल्यावर आई तिच्या खोलीतले कपडे घड्या करून ठेवते, असं एक पान आहे. त्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा आहे. कुणीतरी स्वयंपाक करता करता वाचत असणार आणि तिथं थांबली असणार. पुढं एका पानात लातूरचं एसटीचं तिकीट निघालं. मी ते काढलं नाही, तिथंच राहू दिलं.

एरवी लोक पुस्तक टेबलावर ठेवतात, दुसरं घेतात आणि जातात. हे पुस्तक परत करायला आलेला माणूस टेबलाशी उभाच राहतो. एका काकूंचा मुलगा लातूरला नीटच्या क्लाससाठी होस्टेलवर आहे. त्या म्हणाल्या, "रात्री साडेबाराला फोन लावला त्याला. झोपला होता, चिडला माझ्यावर. म्हणलं, काही नाही रे, आवाज ऐकावा वाटला." आपल्याला नववीत गणित शिकवलेले सर मात्र रागावले. शेवटची पन्नास पानं न वाचता पुस्तक आणून दिलं. "आईबापाला उगाच पिंजऱ्यात उभं केलंय. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्यांनी काय करायचं मग?" त्यांचा आवाज कापत होता. मी वाद घातला नाही. आणि केज रोडकडच्या एका गावचा शेतकरी आहे, धाकटा भाऊ दुष्काळात गेलेला. पुस्तक ठेवताना एवढंच बोलला, "आधी शेवट वाचला. मग पहिल्यापासून वाचायचा धीर आला." हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तो पेरणी सोडून दोन दिवस हे वाचत बसला होता.

एवढं सगळं टेबलाशी उभ्याउभ्याच चाललेलं बघून ठरवलं, की एकदा सगळ्यांना बसवायचं. आज संध्याकाळी बसलो, मागच्या लिंबाखाली, सतरंज्या टाकून. वीसेक जण आले. कादंबरीत कोर्टाचा भाग बराच आहे, त्यामुळं वकीलसाहेबांनी सुरुवात केली. आपल्याकडं पूर्वी असा प्रयत्न करून वाचलेल्यावर कलम 309 खाली गुन्हा दाखल व्हायचा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असं माणूस तीव्र ताणाखाली होतं हे गृहीत धरलं, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारचं काम. हे ऐकून दोन-तीन जणांनी एकमेकांकडं बघितलं. घरच्या एखाद्या गोष्टीवर पोलिसांच्या भीतीनं पांघरूण घातलेलं असावं, असं ते बघणं होतं. मग एका शिक्षिकेनं राष्ट्रीय गुन्हे नोंदींचा आकडा सांगितला. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थी गेले, आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले. त्यावर होस्टेलवाल्या काकू म्हणाल्या, "बाई, आकडा ऐकून मला काही होत नाही. ही एक पोर मात्र रात्रीची उशाशी येऊन बसती."

मग वाद सुरू झाला. आईचं चुकलं. नाही, पोराचं चुकलं. शाळेचं, मोबाइलचं, पैशाचं. पाऊण तास तेच. मीही त्यात होतो, माझंही एक नाव ठरलेलं होतं.

पेपरच्या स्टँडजवळ बारावीतली एक मुलगी उभी होती. आमच्याकडं अभ्यासिकेत येते, फार बोलत नाही. ती म्हणाली, "तुम्ही सगळे कुणाचं चुकलं तेच बोलायलेत. तिला काय पाहिजे होतं ते कुणीच सांगंना." कुणी काही बोलेना, तेव्हा ती पुढं म्हणाली, "तिनं एकदा मावशीला सांगायला सुरुवात केली होती. मावशीनं जेवायला वाढलं."

मित्रा, ती दीड ओळ आहे त्या जाड पुस्तकात. मी दोनदा वाचलंय आणि दोन्ही वेळा ती ओळ माझ्या डोळ्यांखालून निसटली होती. सव्वीस जणांनी पुस्तक नेलं, पण ती ओळ एकटीला दिसली.

सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं. मेडिकल कॉलेजातले मानसोपचाराचे डॉक्टर आपल्याकडं पुस्तकं न्यायला येतात. त्यांनी मला मागं सांगितलं होतं, सरळ विचारायचं, विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात येतं ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट होते. म्हणून मी सरळ विचारलं, "बाळा, तुझ्या मनात कधी असं येतं का?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आता नाही येत काका. मागच्या वर्षी यायचं." आम्ही पायरीवर अर्धा तास बसलो. काय बोललो ते तिचं आहे, इथं लिहीत नाही. तिच्या मर्जीनं तिच्या आईला बोलावून घेतलं, आणि उद्या त्या डॉक्टरांकडं तिघं मिळून जाणार आहोत. घरी येण्याआधी त्या पुस्तकाच्या आतल्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

आपला तिसरा. इतक्या वर्षांत आपण दोघं त्याच्याबद्दल एकदाही बोललो नाही. गावानं सांगितलं, बारावीत दोन विषय राहिले म्हणून. आपण ते घेऊन टाकलं, कारण त्यापुढं विचारायचं काही उरत नव्हतं. आज ती पोर बोलली आणि मला तो दिसला. मेलेला नाही, जिवंत. 13 मार्च 1996, ईडन गार्डन्सची सेमीफायनल. परीक्षा चालू होती आणि तो तुमच्या माडीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून वहीत स्कोअर लिहीत होता. 98 वर एकच गडी बाद, आणि बघता बघता 120 वर आठ. लोकांनी दंगा केला, सामना थांबला, लंकेला जिंकल्याचं जाहीर केलं. आपण दोघं शिव्या देत होतो. तो म्हणत होता, खेळ पुरा झाला नाही, मी वहीत निकाल लिहिणार नाही. किती भांडला होता आपल्याशी! त्याला स्कोअरर व्हायचं होतं रे. हे तुला आणि मला सोडून कुणाला माहीत होतं?

आणि एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. त्या मे महिन्यात भरदुपारी तो माझ्या दारात आला होता. म्हणाला, मुकुंदराजाच्या समाधीकडं येतोस का, जरा बसू. मी म्हणालो, ऊन किती आहे, उद्या जाऊ. माझ्या आईनं त्याला पन्हं दिलं. ते पिऊन तो गेला.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. म्हातारी फार थकली आहे, पण सगळं आठवतं. मला जवळ बसवून पहिली गोष्ट काय विचारली असेल? "त्याची ती मॅचची वही कुणाकडं आहे रे?" मी मान खाली घातली. मला वाटतं ती तू पुण्याला जाताना नेली होतीस. पेटीत, माळ्यावर, कुठंही असेल, शोध. सापडली तर दिवाळीला येताना घेऊन ये. पोस्टानं पाठवू नकोस. आपण दोघं जाऊन तिच्या हातात देऊ.

तुझाच